माय आता कोणाले बोलन?

विशाखा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याला कोर्टाबाहेरच्या चहाटपरीवर एका बैलाची गोष्ट सांगत होतो. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात दोन्ही पक्षांनी त्या बैलाला पुराव्यादाखल आवारात आणून बांधलं आणि ऐन उलटतपासणीत बैल माझ्या बाजूनं फिरला, अशी ती गोष्ट. दरवेळी तिच्यात थोडी भर पडते. त्या दिवशी बैल न्यायाधीशांपुढे मान तुकवण्यापर्यंत आला होता. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे मावशी, म्हणजे विशाखाची आई. मावशीनं आयुष्यात कधी मला आपणहून फोन केला नव्हता. मागं वाऱ्याचा आवाज येत होता, त्यामुळे ती गावच्या टेकडीवरून बोलते आहे हे ती बोलण्याआधीच कळलं. "दिनू, विशू गेली," ती म्हणाली. मग जरा थांबून, "येजो." फोन बंद झाला. टपरीवरचे वकील विचारत राहिले, मग बैलाचं पुढं काय झालं... बैल अजून तिथंच उभा आहे. ती गोष्ट मी त्यानंतर सांगितलेली नाही.

आता आमच्या गावात घराघरांत नेटवर्क येतं. मागच्या वर्षी खराखुरा टावर उभा राहिला. मावशीच्या तर चुलीपाशी बसूनही फोन लागतो. तरीही ती त्या दिवशी उन्हात टेकडी चढून गेली आणि तिथल्या निळ्या खुर्चीवर बसून तिनं मला ते दोन शब्द सांगितले. का, ते मला तेव्हा कळलं नाही. पुढं कळलं.

तुमच्यापैकी काहींनी विशाखाला टीव्हीवर पाहिलं असेल. आपल्या फोनमधली माहिती कोणाची, ती सरकारनं किती बघावी, कंपन्यांनी किती विकावी, यावर चौकटी-चौकटीतून माणसं एकमेकांवर ओरडत असायची आणि एका कोपऱ्यात बारीक चणीची, जाड चष्म्याची एक सावळी बाई शांत बसलेली असायची. सगळे दमले की ती एक वाक्य बोलायची आणि सूत्रसंचालक घाईघाईनं जाहिरातीकडे वळायचा. ती आमची विशाखा. दिल्लीत राहून तिनं इंटरनेटच्या कायद्यांचे मसुदे वाचले, त्यांवर हरकती लिहिल्या, समित्यांपुढे जाऊन बसली, आणि इंटरनेटचा कारभार कोणी हाकावा यावर जगात जिथं कुठं सभा भरेल तिथं जाऊन भांडली. मीही वकीलच. पण माझी वकिली वर्धा जिल्ह्याच्या हद्दीतली. धुरा, विहीर, वाटणी, भाडेपट्टा, संपलं. आम्ही एका गावचे, एका शाळेचे, एकाच लॉ कॉलेजातून कसेबसे सुटलेले. "तू ज्याले धुरा आहे त्याच्यासाठी भांडतो," ती म्हणायची, "अन् मी ज्याले धुराच नाई त्याच्यासाठी. नारळ मात्र तुह्याच घरी येतात."

गाव पुलगावच्या पुढं, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. नकाशात ते आहे, पण नकाशा काढणाऱ्याला नेमकी तिथंच शिंक आली असावी. आमची आळी आणि विशाखाची वस्ती यांच्यामध्ये एक नाला. उन्हाळ्यात त्यात कोंबडीचं पाऊल बुडायचं नाही, पण माझ्या घरच्या काही वडीलधाऱ्यांना तो समुद्राएवढा वाटायचा. मी तो समुद्र रोज ओलांडायचो, कारण पलीकडे मावशीची भाकर होती. विशाखाचे वडील पुलगावच्या डेपोत कामाला होते. डेपो म्हणजे दारूगोळ्याचा; आमच्याकडे त्याला नुसतं डेपो म्हणतात, जसं घराला घर म्हणतात. आत जाताना रोज झडती. बिडी, काडेपेटी, सगळं गेटवर. पुढं मोबाइल आले तेव्हा तेही गेटवर. काका निवृत्त झाले तरी ती सवय सुटली नाही. शेतात निघाले की फोन उंबऱ्याजवळच्या कोनाड्यात ठेवून जायचे. आम्ही म्हणायचो, काका, मोबाइल सोबत न्यायसाठी असते. ते म्हणायचे, बारुदाजवळ फोन नेत नाई. मी विचारायचो, तुरीत कुठं बारूद? "तुही मावशी येते नं डबा घेऊन," काका म्हणायचे, आणि मावशी ऐकू जाईल एवढ्या अंतरावर असेल तेव्हाच म्हणायचे.

विशाखाचा पहिला खटला, मी खटलाच म्हणतो, एका म्हशीपासून सुरू झाला. आम्ही कॉलेजात असताना पुलगावात एक इंटरनेट कॅफे निघाला. मालक मोठा परोपकारी माणूस. नोकरीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, रेल्वेचं तिकीट, जो येईल त्याचा ई-मेल हाच काढून द्यायचा आणि पासवर्डही हाच ठेवायचा. सगळ्यांचा एकच: त्याच्या म्हशीचं नाव. माझा हिशेब असा की त्या काळात निम्मं पुलगाव त्या एका म्हशीच्या दावणीला बांधलेलं होतं. विशाखानं त्याला विचारलं, भाऊ, उद्या तुमचं कोणाशी बिनसलं तं? तो म्हणाला, ताई, माझं कोणाशी बिनसतच नाई. तिनं वाद घातला नाही. तिथंच स्टुलावर ठाण मांडलं, आणि जे गिऱ्हाईक येईल त्याला त्याचा स्वतःचा पासवर्ड ठेवायला लावला. मालकाला त्या वेळी तोंड भिंतीकडे करायला लावायची. दोन उन्हाळे तिचा हा उद्योग चालला. शेवटी तो मालक एकदा मला म्हणाला, "वकीलसाहेब, सारं गाव माह्या डोक्यात होतं. आता रिकामं रिकामं वाटून राह्यलं." या माणसाच्या तोंडून जे निघालं, त्यावर पुढं विशाखानं परदेशात भाषणं केली. फक्त म्हैस गाळून.

भिंतीकडे तोंड करायची ही रीत तिला गावानंच शिकवली होती. टावर येण्याआधी आमच्या गावात नेटवर्क एकाच जागी सापडायचं: विहारामागच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीच्या अंगाला. तिथं कोणीतरी लग्नाच्या मंडपातून उरलेली निळी प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली. एक हात मोडका, तारेनं बांधलेला. त्या जागेलाच गाव 'टावर' म्हणू लागलं. 'टावरवर जाऊन येतो' म्हणजे फोन करून येतो. खुर्ची वीतभर हलली तरी बोलणं तुटायचं. एकदा एका आजोबांनी सावलीसाठी ती जरा सरकवली, तर अख्खं गाव दिवसभर जगातून नाहीसं झालं होतं आणि संध्याकाळी तहसीलदार गाव शोधत आले होते... (विशाखा असती तर म्हणाली असती, तहसीलदार नव्हते, कोतवाल होता, अन् तो सासऱ्याकडे आलता.) पण यातली एक गोष्ट मी तसूभरही वाढवून सांगत नाही. खुर्चीवर एक जण बोलत असला की पाळीसाठी थांबलेले सगळे त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. कोणी सांगितलेलं नव्हतं. सासरी दुखलेली पोर माहेराशी बोलायची, कामाला गेलेल्या नवऱ्याशी बायको बोलायची, आणि आजूबाजूला नुसत्या पाठी. विशाखा कुठल्या कुठल्या देशांत सांगायची, खासगीपणा काय असतो ते मी पुस्तकात नाही वाचलं, आमच्या टेकडीवर बघितलं.

मसुदे वाचायची तिची तऱ्हा मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. सरकारचा किंवा कंपनीचा एखादा जाडजूड कागद आला की ती पुलगावला उतरायची, गावात यायची आणि विहाराच्या आवारात पाच-दहा माणसं जमवून तो कागद आमच्या बोलीत वाचून दाखवायची. हातात पेन्सिल. जिथं माणसं जांभया देतील तिथं ती खूण करायची. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "लुच्चेपणा करणारा तो जांभईच्या जागी लपवते रे. जिथं तुम्ही झोपता तिथं मी जागी राह्यते." माझ्या जांभयांनी देशाच्या कायद्यात किती फेरफार झाले याचा हिशेब सांगत मी बरीच वर्षं फिरलो आहे. काकांना मात्र तिचा भलता अभिमान. पारावर सांगायचे, विशू इंटरनेटले कुंपण घालून राह्यली. दुसरा म्हणायचा, कुंपण तं कंपन्या घालून राह्यल्या, तुही पोरगी तोडून राह्यली. काका म्हणायचे, तेच ते.

मग तो डबा आला.

एका कंपनीची माणसं पांढऱ्या गाडीतून उतरली. टोप्या एवढ्या वाटल्या की बैलांच्या शिंगांवरही दिसू लागल्या. गावातल्या पाण्याच्या टाकीवर एक डबा बसवायचा, त्यातून घरोघर फुकट इंटरनेट. फक्त त्यात कंपनीचं एकच ॲप उघडणार. कंपनी दाखवेल ती बातमी, कंपनी सांगेल तो कापसाचा भाव, कंपनीचं दुकान. बाकीच्या जगाला कुलूप. आणि आत शिरताना फोनातली सगळी नावं, नंबर, फोटो कंपनीच्या हवाली. टाकी ग्रामपंचायतीची, त्यामुळे ग्रामसभेचा ठराव हवा होता. पोरं तर हरखली होती. टेकडीवर उन्हात रांग लावणाऱ्या माणसाला घरात बसून काहीतरी उघडतं आहे, यापेक्षा स्वर्ग तो काय असतो? विशाखा दिल्लीहून आली आणि तिनं त्या अटी-शर्ती ग्रामसभेत वाचायला घेतल्या. माणसं आधी बसली, मग टेकली, मग पेंगली. पुढं कुठंतरी एक अट होती: या डब्यावरून कोणालाही फोन लावता येणार नाही, दुसऱ्या कुठल्या ॲपमधूनही नाही. ती तिनं वाचली आणि नेमका त्याच वेळी चिवडा आला. माना चिवड्याकडे. मी ऐकलं ते एवढ्यासाठी की कागदाची दुसरी प्रत माझ्या मांडीवर होती. मागं बायकांमध्ये मावशी अंबाडी निवडत बसली होती, तिनं मान वर केली नाही.

वाचून झाल्यावर पोरं उठली. एकजण म्हणाला, ताई, तुम्ही दिल्लीत राहता, तुम्हाला सगळं उघडतं, आम्हाला थोडं उघडलं तर तुमच्या पोटात का दुखतं? विशाखानं हातातला कागद मिटला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तेव्हा काका उठले. सभेत कधी न बोललेला माणूस. म्हणाले, "मी जन्मभर गेटवर झडती देल्ली. ते देशाचं काम होतं, देल्ली. आता कोणी माह्या घरी येऊन म्हणते, फुकट हाय, फक्त झडती दे. मी नाई देत." आणि खाली बसले. ठराव पडला. कंपनीची गाडी गेली. टोप्या राहिल्या. गाव पुन्हा टेकडीवर रांगेत उभं राहिलं, पण आता त्या रांगेतून विशाखाचं नाव जरा कडवटपणे निघू लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, काका शेतातून आले आणि ओसरीवर टेकले. घाम, छातीत कळ. वस्ती सगळी पुलगावला एका लग्नाला गेलेली. घरात मावशी एकटी. फोन कोनाड्यात होता, पण घरात त्याचा काय उपयोग? तिनं तो उचलला आणि टेकडीकडे धावली. खुर्चीवर बसून, श्वास पुरत नसताना, तिनं दवाखान्याची गाडी बोलावली. गाडी निघालीसुद्धा. पण मावशी धावत खाली आली तेव्हा काका गेलेले होते. ओसरीवर, एकटे. तोंड दाराकडे.

विशाखा दुसऱ्या दिवशी पोचली. दारात पाऊल टाकलं नाही तोच मावशी उठली आणि साऱ्या वस्तीपुढं म्हणाली, "तो डबा असता तं मी उठली नसती. इथीच बसून फोन लावला असता. त्याचा हात धरून. तूच नाई म्हटलं त्या डब्याले." मी बोलायला तोंड उघडलं. मला ती अट पाठ होती. विशाखानं माझं मनगट धरलं, असं की वळ उठला. संध्याकाळी नाल्याच्या काठी मी तिच्यावर चिडलो. म्हटलं, मावशीला सांगत का नाहीस? त्या डब्यावरून फोन लागतच नव्हता. तूच वाचलंस. ती पाण्याकडे बघत राहिली. म्हणाली, "सांगून काय होईन, दिनू? मी जिंकन. मंग माय कोणापाशी जाईन?" मी म्हटलं, पण खोटा आळ का घ्यायचा? "तिले खरं नको हाय. तिले माणूस पाह्यजे," ती म्हणाली. "माह्या मायपुढं माही केस तू लढू नको." जिनं बड्या बड्या कंपन्यांच्या वकिलांना घाम फोडला तिच्या हातात बिनतोड पुरावा होता, आणि तो तिनं आयुष्यभर दाखल केला नाही.

त्यानंतर ती दर महिन्याला येऊ लागली. दिल्लीची गाडी, मग पुलगावहून ऑटो. पिशवी अंगणात ठेवायची आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. बसायची नाही. मावशी चुलीपाशी पाठमोरी सुरू करायची. डबा, टेकडी, ऊन, ओसरी. मग मागं मागं जायची: लग्न केलं नाही, दिल्लीत कोण वाट पाहून राह्यलं, बापाले फोन करत होती पण किती वेळ, असं सगळं. आणि मधेच वळायची, लेकीच्या तोंडाकडे बघत बोलायची. विशाखा ऐकायची. मान खाली नाही, नजर चोरलेली नाही. बोलणं संपलं की मावशी पदरानं तोंड पुसायची आणि म्हणायची, "हातपाय धू. भाकर थंडी होऊन राह्यली." मग दोघी जेवायला बसायच्या, आणि गप्पा अशा चालायच्या की काही झालंच नाही. मी त्या दारात कितीदा साक्षीला होतो. मला वाटायचं, मावशी फार कठोर आहे. मला फार काही वाटतं, त्यातलं थोडंच बरोबर असतं.

तिकडं दिल्लीत विशाखाच्या हरकतींमध्ये एक नवी ओळ दिसू लागली. कागद कुठलाही असो, बँकेच्या ॲपचा, धान्याच्या, दवाखान्याच्या, शाळेच्या, ती शेवटी लिहायचीच: तक्रार ऐकायला माणूस असावा. नाव असलेला, चेहरा असलेला, ज्याच्यासमोर उभं राहता येईल असा. यंत्राचं उत्तर म्हणजे ऐकणं नव्हे. तिनंच सांगितलेली हकीकत आहे. एका समितीत एक साहेब हसून म्हणाले, मॅडम, लोकांना ओरडायला माणूस हवा असतो, हे कायद्यात कसं लिहायचं? ती म्हणाली, "ओरडणं लिहू नका. माणूस लिहा." ती ओळ पुष्कळदा कापली गेली. एकदा मात्र कुठल्याशा नियमांत राहिली, शब्द बदलून, अंग चोरून. त्या दिवशी तिनं मला फोन केला. म्हणाली, दिनू, मायची ओळ लागली. मावशीला मात्र तिनं हे कधी सांगितलं नाही.

आजार तिनं आधी लपवला, मग लपेना. नागपूरला इलाज झाले, केस गेले, पुन्हा आले, पुन्हा गेले. शेवटच्या महिन्यांत ती गावी येऊन राहिली, मावशीजवळ. कामं सुरूच. टावर नवा होता, त्याचा भरवसा नव्हता, म्हणून कुठलीशी मोठी जागतिक सभा तिनं टेकडीवरच्या निळ्या खुर्चीतून केली. मी बाजूला छत्री धरून. समोर पडद्यावर बावीस देशांची शहाणी माणसं, मागं आमच्या शेजाऱ्याचा बोकड. विशाखा बोलत असताना बोकडानं जोरदार आक्षेप घेतला, आणि अध्यक्षांनी तो भारताच्या वतीनं इतिवृत्तात नोंदवून घेतला, असं मी तेव्हापासून सांगतो. ती म्हणायची, निदान बोकडाबद्दल तरी खरं बोल. पण हसायची. हसताना बरगडीवर हात ठेवावा लागत होता.

शेवटची भेट अंगणात. बाजेवर पडली होती, अंगावर उन्हाची तिरीप. मावशी आत होती. गेल्या काही दिवसांत मावशी तिला काही बोलत नव्हती. पाठ चोळायची, पेज भरवायची, डब्याचं नाव नाही. तेच विशाखाला सलत होतं. हळू आवाजात म्हणाली, "माह्यामागं माय कोणाले बोलन रे?" मला गंभीर होता येत नाही, हा माझा जुना आजार. म्हटलं, मी आहे ना. माझ्यावर तर साऱ्या जिल्ह्यानं ओरडून घेतलं आहे. ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. "तू उत्तर देतो," ती म्हणाली. "तुले चूप राह्यता येत नाई."

त्यानंतर दोन-चार दिवसांतच तो फोन आला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहाराचं आवार माणसांनी भरलं. दिल्लीहून तिचे सहकारी आले होते, नागपूरचे वकील आले होते, पुलगावचा तो कॅफेवाला आला होता, आता पार पिकलेला. भाषणं झाली. तिनं देशासाठी काय केलं ते लोकांनी सांगितलं, चांगलं सांगितलं. डब्याच्या सभेत विशाखाला विरोध करणारा तो पोरगा, आता त्याची पोरं शाळेत जातात, तोही उभा राहिला आणि हात जोडून खाली बसला. मलाही बोलायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी नाही म्हटलं. मावशी पहिल्या रांगेत पांढऱ्या लुगड्यात बसून होती. कोणाकडे बघत नव्हती. माणसं येत होती, हात जोडत होती, "मावशी, तिचं फार मोठं काम होतं," असं म्हणत होती, आणि मावशी मान डोलवत होती. मला विशाखाचा तो प्रश्न छातीत घेऊन बसावं लागलं. इतकी माणसं, आणि एकाही माणसाला मावशी बोलू शकत नव्हती.

परवाच्या रविवारी गावी गेलो. घर उघडं, मावशी नाही. शेजारीण म्हणाली, टावरवर गेली असन. टेकडी चढलो. निळ्या खुर्चीवर मावशी बसली होती. फोन मांडीवर, बंद. थोड्या अंतरावर दोन बायका आणि एक म्हातारा सरपणाच्या मोळ्या टेकवून थांबलेले, तिच्याकडे पाठ करून. आता तिथं कोणाची पाळी नसते, कोणाला फोन करायचा नसतो. पण त्या खुर्चीवर माणूस दिसला की गावाच्या पाठी आपोआप फिरतात. मीही सवयीनं पाठ केली आणि उभा राहिलो. वारा होता. बराच वेळ गेला. त्या बायका मोळ्या उचलून उतरल्या, म्हातारा गेला.

मग मागून आवाज आला, "दिनू, इकडं तोंड कर."

मी वळलो. आणि मला राहवलं नाही. म्हटलं, मावशी, एक सांगू का... त्या डब्यावरून फोन लागणारच नव्हता. विशूनं कधी सांगितलं नाही, पण...

"मले मालूम हाय," मावशी म्हणाली.

मी दोन पावलं खुर्चीजवळ आलो.

"तिनं वाचलं नाई का त्या दिवशी. तुम्ही चिवडा पाहून राह्यले होते. मी ऐकत होती. माही लेक वाचत होती, मी नाई ऐकन?" तिनं खुर्चीच्या तारेवरून बोट फिरवलं. "पण राग कोणावर काढू मी? कंपनीवर? ते का घरी येऊन उभी राह्यते? देव तं बाबासाहेबांनीच सोडाले लावला आम्हाले. विशू येऊन उभी राह्यची. दर महिन्याले. मी बोलली की माह्या छातीतला गोटा हलायचा. तिले समजायचं. मले समजायचं तिले समजते म्हणून." तिनं खाली घराकडे बघितलं. "तिचे बाबा गेले तवा मी जवळ नव्हती. विशूच्या वक्ताले मी उठलीच नाई. हात सुटला तवा उठली. तुले फोन घरूनच लागला असता... पण तिच्यासमोर कसं म्हणू, गेली म्हणून?"

खाली गावात कुठंतरी विहारातला लाउडस्पीकर खरखरला आणि थांबला. मावशी मांडीवरच्या फोनकडे बघत होती. मग तिनं मान वर केली, आणि एकदम तिचा आवाज चढला. "अन् तू? तू काऊन आला नाई मंगळवारी? मी वरणफळं करून ठेवली होती. साऱ्या दुनियेले बैलाच्या गोष्टी सांगाले टाइम हाय, इथी याले नाई. विशूनं तुले काय सांगितलं होतं? वकील झाला तं का झाला, अजून चपला उंबऱ्यात सोडतो..."

मंगळवारी येतो असं मी कधीच म्हटलेलं नव्हतं. मंगळवारी माझी तारीख होती, पुलगावच्या कोर्टात, दोन्ही पक्ष हजर, कागद दाखवू शकलो असतो. शिवाय चपला मी उंबऱ्यात सोडत नाही. तो सोडतो माझा धाकटा भाऊ. जिभेवर अशी पंधरा उत्तरं येऊन उभी राहिली होती, एकेक पट्टीच्या वकिलासारखं. मी उभा राहिलो. तिच्या तोंडाकडे बघत. ती बोलत गेली, माझ्यापासून विशाखापर्यंत, विशाखापासून काकांपर्यंत, ओसरीपर्यंत, आणि ऊन टाकीच्या मागं उतरेपर्यंत मी एक अक्षर बोललो नाही.

मग ती थांबली. पदरानं तोंड पुसलं. खुर्चीचा तो तारेनं बांधलेला हात धरून उठली.

"चाल," मावशी म्हणाली. "हातपाय धू. भाकर थंडी होऊन राह्यली."